पोटाचे डायलिसिस आणि रक्तदाब : रोज मांडावयाचा एक हिशेब

मूत्रपिंडे निकामी झाल्यानंतर ज्या घरात पोटाचे डायलिसिस सुरू होते, त्या घराची घडीच बदलून जाते. शयनगृहाचा एक कोपरा रिकामा केला जातो, भिंतीला लागून द्रवाच्या पिशव्यांची खोकी रचली जातात, पलंगाशेजारी पिशवी टांगण्याचा स्टँड येतो. दिवसातून तीन-चार वेळा त्या खोलीची दारे-खिडक्या मिटतात, पंखा बंद होतो, हात साबणाने स्वच्छ धुतले जातात, तोंडाला मास्क लागतो आणि अर्ध्या-पाऊण तासात पिशवी बदलून रुग्ण पुन्हा आपल्या कामाला लागतो. आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात जाऊन चार-चार तास यंत्राजवळ पडून राहण्यापेक्षा घरच्या घरी होणारा हा उपचार व्यापारी कुटुंबांना सोयीचा वाटतो, आणि तो तसा आहेही. दुकान चालू राहते, बेताचा प्रवास करता येतो, देवदर्शन आणि प्रवचनही सुटत नाही.

स्वच्छतेचे नियम ही कुटुंबे लवकर आत्मसात करतात, कारण जंतुसंसर्गाची भीती पहिल्याच दिवशी मनावर बिंबवलेली असते. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला वा पोट दुखू लागले की सारे घर सावध होते. उच्च रक्तदाबाचे तसे नाही. तो दुखत नाही आणि दिसत नाही. वरचा आकडा १७० असताना रुग्ण दिवसभर गादीवर बसून गिऱ्हाइके सांभाळतो आणि ‘मला काहीच होत नाही’ असे सांगतो. त्याच काळात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत असते, मेंदूच्या नाजूक रक्तवाहिन्यांवर ताण पडत असतो आणि मूत्रपिंडांत जी थोडीफार शक्ती उरलेली असते तीही ओसरत असते. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. म्हणून या मूक व्याधीकडे गढूळ पिशवीइतक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

या लेखाचे सांगणे थोडक्यात असे, की पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णाचा रक्तदाब वाढला, तर बहुतेक वेळा शरीरात मीठ आणि पाणी साचलेले असते. अशा वेळी केवळ गोळ्यांची संख्या वाढवून मूळ दोष जात नाही. गोळी वाढवण्यापूर्वी मिठाचा आणि पाण्याचा हिशेब तपासावा लागतो, आणि तो हिशेब घरातच, रोज, कुटुंबीयांनी ठेवावयाचा असतो.

उपचाराचे स्वरूप

आपल्या पोटातील आतड्यांवर आणि पोटाच्या भिंतीच्या आतील बाजूस एक पातळ पडदा असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून साधारण दोन लिटर द्रव आत सोडला, की पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधून युरिया, क्रिएटिनिन यांसारखी मलद्रव्ये त्या द्रवात उतरतात. द्रवात ग्लुकोज म्हणजे साखर असते. साखर पाण्याला ओढून घेते, त्यामुळे जास्तीचे पाणीही रक्तातून द्रवात येते. चार ते सहा तासांनी तो द्रव बाहेर काढून नवा भरतात. रात्रीची पिशवी अधिक वेळ पोटात राहते. दिवसातून तीन-चार वेळा हाताने करावयाच्या या पद्धतीला सीएपीडी म्हणतात. रात्री झोपेत यंत्राच्या साहाय्याने पिशव्या बदलल्या जातात, त्या पद्धतीला एपीडी म्हणतात.

१९६८ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे हेन्री टेन्कहॉफ यांनी पोटात कायम राहू शकेल अशी नळी वापरात आणली. १९७६ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे रॉबर्ट पोपोविच आणि जॅक मॉनक्रीफ यांनी अखंड चालणाऱ्या पोटाच्या डायलिसिसची कल्पना मांडली. पुढे टोरँटोचे दिमित्रिओस ओरिओपोलस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या आणि हा उपचार सामान्य घरांत शक्य झाला. आपल्याकडे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचा आरंभीचा भर रक्ताच्या डायलिसिसवर होता. २०१९ मध्ये त्यात पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना आल्या. उपचार ठरवताना आपल्या जिल्हा रुग्णालयात या योजनेची चौकशी अवश्य करावी.

रक्तदाब का वाढतो

निरोगी मूत्रपिंड खाल्लेले जास्तीचे मीठ लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड थकले की ते मीठ शरीरातच राहते. मीठ एकटे राहत नाही. ते तहान लावते आणि आपल्यासोबत पाणी धरून ठेवते. शरीरातील पेशींबाहेरच्या द्रवात लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ असते. याचा अर्थ असा, की ९ ग्रॅम जास्तीचे मीठ बाहेर न पडता अंगात राहिले, तर ते एक लिटर पाण्यालाही अंगात ठेवून घेते. वजनकाट्यावर हा एक किलोचा फरक असतो. रक्तवाहिन्यांत अधिक द्रव भरला की दाब वाढतो, हा साधा न्याय आहे.

इतरही कारणे असतात. आजारी मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य अधिक सोडून रक्तवाहिन्या आकसवतात. दीर्घ आजारात रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठर होतात. रक्त वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनीही काही रुग्णांचा दाब वाढतो. घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे हेही एक कारण आहे. परंतु पहिली शंका नेहमी साचलेल्या पाण्यावरच घ्यावी.

येथे एक सूक्ष्म फसगत संभवते. रुग्णाचे वजन महिनोन्‌महिने स्थिर असते आणि घरातील सर्वांना समाधान वाटते. प्रत्यक्षात भूक मंदावल्याने अंगावरचे मांस तीन किलोने घटलेले असते आणि त्याची जागा तीन लिटर पाण्याने घेतलेली असते. काटा तोच आकडा दाखवतो, पण रक्तदाब वाढत जातो. उलट द्रवातील साखर शोषली जाऊन अंगावर मेद चढला, तर वाढलेले सर्व वजन पाण्याचेच समजूनही चालत नाही. म्हणून पाणी न साचलेल्या अवस्थेतील वजन, ज्याला डॉक्टर ‘ड्राय वेट’ म्हणतात, ते एकदा ठरवून संपत नाही. दर भेटीत ते नव्याने तपासून घ्यावे लागते.

रोजमेळ कसा ठेवावा

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिला गेला, त्या घरांना या उपचाराची शिस्त अवघड वाटू नये. एक साधी वही पुरते. तीत रोज तारीख, सकाळचे वजन, सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब, प्रत्येक पिशवीची ताकद, आत सोडलेला द्रव, बाहेर आलेला द्रव, चोवीस तासांची लघवी आणि पायांवर सूज आहे किंवा नाही, एवढे लिहावे.

उदाहरणार्थ, एका दिवसात दोन-दोन लिटरच्या चार पिशव्या, म्हणजे एकूण ८००० मिलिलिटर द्रव आत गेला. बाहेर अनुक्रमे २२५०, २२००, २३०० आणि २१५० मिलिलिटर आला. बेरीज ८९००. म्हणजे पोटावाटे ९०० मिलिलिटर पाणी जादा निघाले. लघवी ४०० मिलिलिटर झाली. त्या दिवशी शरीरातून १३०० मिलिलिटर पाणी बाहेर पडले. घामाचा आणि श्वासावाटे जाणाऱ्या पाण्याचा भाग वेगळा. आता त्याच दिवशी पाणी, चहा, दूध, ताक, आमटी असे मिळून अडीच लिटर पोटात गेले असेल, तर शिल्लक कोणत्या बाजूला राहिली हे सांगावयास नको.

बाहेर आलेली पिशवी ताणकाट्यावर तोलतात. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. मात्र व्यापारी बारदान वजा केल्याशिवाय मालाचे वजन धरत नाही, तसे रिकाम्या पिशवीचे वजन येथेही वजा करावे. शिवाय नव्या पिशवीत नळी धुण्यासाठी छापील आकड्यापेक्षा थोडा अधिक द्रव भरलेला असतो. तो ध्यानात न घेतल्यास पाणी निघाले त्यापेक्षा अधिक निघाल्याचा भास होतो. तो नेमका किती धरावयाचा हे आपल्या डायलिसिस परिचारिकेकडून एकदा समजून घ्यावे.

वजन रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर, शक्यतो सारख्या कपड्यांत आणि पोटातील द्रवाच्या एकाच स्थितीत करावे. एक दिवस पोट रिकामे आणि दुसऱ्या दिवशी दोन लिटर भरलेले असताना घेतलेल्या वजनांची तुलना निरर्थक ठरते.

रक्तदाब मोजण्याचीही रीत आहे. दंडावर बांधावयाचे स्वयंचलित यंत्र मनगटावरच्या यंत्रापेक्षा अधिक भरवशाचे असते. पट्टा दंडाच्या मापाचा असावा. आखूड पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये, लघवीची भावना असल्यास आधी जाऊन यावे, पाठीला आधार देऊन पाच मिनिटे शांत बसावे, पावले जमिनीवर सपाट असावीत, हात छातीच्या पातळीवर टेकलेला असावा आणि त्या वेळी बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. औषध घेण्यापूर्वीचा आकडा डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो. उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, तर उभ्याने मोजलेला दाबही लिहावा. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाब १४०/९० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या रुग्णासाठी नेमका आकडा वय, मधुमेह आणि हृदयाची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात.

मीठ : स्वयंपाकघरातील खरा उपचार

जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढासाठीही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढेही नाही, अशी मिठाची मर्यादा सांगितली आहे. डायलिसिसवरील रुग्णाने तर ती कसोशीने पाळावी. आपल्या घरांत कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असल्याने आहार सात्त्विक आहे, असा आपला समज असतो. मिठाच्या बाबतीत तो खरा ठरतोच असे नाही. पापड, लोणचे, खाखरा, शेव, गाठिया, फरसाण, मसाला ताक, मुखवास आणि पाचक गोळ्या यांतून जाणारे मीठ भाजी-वरणातल्या मिठापेक्षा अधिक भरू शकते. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो. ढोकळा आणि गाठियात सोडा असतो. खार आणि सोडा हेही सोडियमच आहेत.

विशेष लक्ष द्यावे ते तिथींकडे. अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरांत पापडाची भाजी, शेवेची भाजी, गट्टे, मुगवड्या यांची योजना होते. रुग्णाच्या ताटात त्या दिवशी सर्वाधिक मीठ येते. अशा दिवसांसाठी घरीच बिनमिठाच्या मुगवड्या वाळवून ठेवाव्यात, गट्ट्यांत मीठ नाममात्र घालावे, मुगाचे वरण किंवा बेसनाची कमी मिठाची कढी करावी. हिंग, जिरे, मिरे, ओवा, सुंठ, धने, आमचूर आणि कोकम यांनी चव भरून निघते. कणकेत आणि भातात मीठ घालू नये. खाखरे रुग्णासाठी वेगळे, बिनमिठाचे भाजावेत. जिभेला कमी मिठाची सवय लागण्यास काही आठवडे लागतात. नंतर पूर्वीचे जेवण खारट वाटू लागते.

दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सैंधव आणि काळे मीठ औषधी मानले जाते, परंतु त्यांचाही मुख्य घटक सोडियम क्लोराइडच आहे. हिशेबात ते साध्या मिठाइतकेच धरावे. बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. निकामी मूत्रपिंडांच्या रुग्णात पोटॅशियम वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. असे मीठ डॉक्टरांना विचारल्याविना घरात आणू नये.

मीठ कमी करताना अन्न कमी होऊ देऊ नये. पोटाच्या डायलिसिसमध्ये बाहेर येणाऱ्या द्रवावाटे रोज काही ग्रॅम प्रथिने वाया जातात. त्यामुळे या रुग्णास वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनांची गरज असते. शाकाहारी घरात ती मूग, तूर, हरभरा, दूध आणि घरचे पनीर यांतूनच मिळवावी लागतात. डाळी आणि दुधातील फॉस्फरस व पोटॅशियम यांचा मेळ आहारतज्ज्ञांकडून बसवून घ्यावा.

पाणी, पिशवी आणि नळी

पाण्याची मर्यादा मिठाच्या मागोमाग येते. मीठ कमी झाले की तहान आपोआप शमते. मीठ तेवढेच ठेवून रुग्णास पाणी पिऊ नको म्हणणे ही केवळ शिक्षा होय. दिवसाचे पाणी एका बाटलीत मोजून भरून ठेवावे आणि चहा-दूध घेतले की तेवढे त्यातून कमी करावे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी, कारण वाढलेली साखरही तहान लावते.

पिशव्या १.५, २.५ आणि ४.२५ टक्के अशा तीन ताकदींच्या मिळतात. ताकद जितकी अधिक, तितके पाणी अधिक निघते. तरीही रोज सर्वांत तीव्र पिशवी वापरून हवे तेवढे मीठ खाण्याची सवलत घेता येत नाही. तीव्र साखरेने कालांतराने पोटाचा पडदा खराब होतो, रक्तातील साखर आणि वजन वाढते. पडदा हे या उपचाराचे भांडवल आहे. ते खर्चून रोजचा खर्च भागवू नये. रात्रीची पिशवी फार वेळ राहिल्यास त्यातील साखर शोषली जाते आणि निघालेले पाणी पुन्हा अंगात मुरते. सकाळी आत सोडल्यापेक्षा कमी द्रव बाहेर आला, तर डॉक्टरांना सांगावे. अशा दीर्घ वेळेसाठी आयकोडेक्स्ट्रिन नावाचा वेगळा द्रव उपयोगी पडतो. तो वापरणाऱ्या मधुमेही रुग्णाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही प्रकारच्या ग्लुकोमीटरवर त्यामुळे साखर खोटी वाढलेली दिसते आणि त्या भरवशावर इन्सुलिन वाढवणे प्राणघातक ठरू शकते. आपले यंत्र चालेल की नाही हे आधी विचारून घ्यावे.

यंत्रावरील एपीडीत पिशव्या झटपट बदलतात. अशा अल्प वेळेत पडद्यातून पाणी लवकर येते, मीठ मात्र मागे रेंगाळते. त्यामुळे पाणी भरपूर निघूनही रक्तदाब उतरत नाही, असे काही रुग्णांत दिसते. तेव्हा डॉक्टर वेळापत्रक बदलतात किंवा दिवसा एक पिशवी जोडतात.

कधी दोष साध्या बद्धकोष्ठात असतो. आतडी भरलेली असली की नळी दबते वा सरकते, द्रव पुरता बाहेर येत नाही आणि शरीरात पाणी साचते. रोज पोट साफ होणे हा या रुग्णाच्या रक्तदाबाच्या उपचाराचाच भाग आहे. बाहेर येणारा द्रव अचानक कमी झाला तर प्रथम नळीला पीळ पडला आहे का हे पाहावे, कुशीवर वळून पाहावे आणि तरीही सुधारणा नसल्यास केंद्राला कळवावे.

उरलेली लघवी जपा

डायलिसिस सुरू झाल्यावर ‘आता मूत्रपिंडे गेलीच’ असे समजून अनेक कुटुंबे लघवी मोजणे सोडून देतात. ही मोठी हानी आहे. कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णांच्या एका प्रसिद्ध अभ्यासाच्या २००१ मधील पुनर्विश्लेषणात, दिवसाच्या लघवीच्या दर २५० मिलिलिटरमागे मृत्यूचा सापेक्ष धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळला. ही उरलेली लघवी मीठ आणि पाणी दोन्ही बाहेर नेते, म्हणून रक्तदाबही आटोक्यात राहतो.

ती जपण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतः होऊन घेऊ नयेत. त्या रक्तदाबही वाढवतात. सीटी स्कॅनसाठी रंगद्रव्य देण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना मूत्रपिंडाचा आजार सांगावा. शरीर अति कोरडे करणेही बरे नाही. तुर्कस्तानातील २००१ च्या एका अभ्यासात ४७ रुग्णांची रक्तदाबाची औषधे थांबवून केवळ कडक मीठबंदी आणि अधिक पाणी काढणे एवढ्यावर बहुतेकांचा दाब सामान्य झाला. मिठाचा हिशेब किती मोलाचा आहे हे त्यातून दिसते. परंतु त्याच अभ्यासात रुग्णांची लघवीही घटली. म्हणून वजन हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावे. औषधे आपल्या मनाने थांबवण्याचा तर विचारही करू नये.

औषधांचे स्थान

हिशेब नीट असूनही अनेकांना औषधे लागतात. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांच्या गटातील औषधे दाब कमी करतात आणि उरलेली लघवी टिकवण्यास मदत करतात. हाँगकाँगमधील २००३ च्या अभ्यासात रामिप्रिलबाबत हे दिसून आले. त्यांच्यासोबत पोटॅशियमची तपासणी करावी लागते. टॉर्सेमाइड, फ्युरोसेमाइड ही लघवीची औषधे लघवी होत असेल तोवरच काम करतात. अॅम्लोडिपिनने घोट्यावर सूज येऊ शकते. ती सूज पाण्याची की गोळीची, हे डॉक्टर ठरवतील. आपण घाईने तीव्र पिशवी लावू नये. हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषधेही दिली जातात.

घरातील किरकोळ औषधांकडेही लक्ष असावे. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि आम्लपित्ताची चूर्णे यांत सोडियम असते. सर्दीच्या काही गोळ्या दाब वाढवतात. खोकल्यासाठी वारंवार घेतलेल्या ज्येष्ठमधानेही दाब वाढतो आणि पोटॅशियम घटते.

व्रत आणि उपचार

चौविहार पाळणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते आणि ती बहुधा डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. चिठ्ठीवर रात्री नऊची गोळी लिहिलेली असते. सूर्यास्तानंतर मुखात काही घालावयाचे नाही म्हणून ती गोळी राहून जाते. रुग्ण संकोचाने सांगत नाही. दाब वाढलेला पाहून डॉक्टर आणखी एक गोळी वाढवतात. खरे तर उपाय सोपा आहे. चौविहार पाळतो हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. दिवसातून एकदा घ्यावयाची, चोवीस तास परिणाम टिकणारी औषधे सकाळी किंवा सूर्यास्तापूर्वी घेता येतील अशी बहुधा निवडता येतात. सूर्यास्तापूर्वी रात्रीची बेगमी म्हणून एकदम तांब्याभर पाणी पिण्याची सवय मात्र सोडावी.

उपवास, आयंबिल किंवा अठ्ठाई करावयाची इच्छा असल्यास ती आधी डॉक्टरांपुढे ठेवावी. आहार-पाणी घटले आणि पिशव्या त्याच ताकदीच्या राहिल्या, तर दाब धोकादायक रीतीने उतरू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर घसरू शकते. आयंबिलात दूध-तूप वर्ज्य असल्याने प्रथिनेही घटतात. पारण्याच्या दिवशी नेमके उलट घडते. गोड-खाऱ्याचा मारा होऊन दुसऱ्या दिवशी दम लागतो. पच्चक्खाणाच्या विधीतच आगारांची, म्हणजे अपवादांची, तरतूद आहे आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधास मोकळीक देणारा आगारही त्यांत आहे. रात्रीच्या पिशवीने व्रतास बाध येतो का, असा प्रश्नही काही रुग्णांच्या मनाला टोचत असतो. अशा शंका मनात कुढत न ठेवता महाराजसाहेबांना विनयपूर्वक विचाराव्यात आणि मिळालेले मार्गदर्शन डॉक्टरांनाही सांगावे. स्वाध्याय, सामायिक, जप आणि बेताचा रसत्याग ही तपेही आहेतच. मिठावरचा संयम हा या रुग्णाचा नित्याचा रसत्यागच म्हणावा लागेल.

विलंब करू नये असे प्रसंग

दाब १८० च्या वर जाऊन तीव्र डोकेदुखी, अंधारी, छातीत दुखणे किंवा दम लागत असेल, आडवे झाल्यावर श्वास कोंडत असेल, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे वा बोलणे अडखळणे दिसत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले किंवा निघणारे पाणी सतत घटले, तर त्याच दिवशी केंद्राला फोन करावा. वरचा आकडा १०० च्या खाली येऊन चक्कर येत असेल, तर पुढची रक्तदाबाची गोळी आणि पुढची पिशवी घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. द्रव गढूळ आला तर रक्तदाबाची काही औषधे क्वचित तसे करतात हे खरे, परंतु तपासणी होईपर्यंत तो जंतुसंसर्गच समजावा.

घराची जबाबदारी

अनेक घरांत पिशवी बदलणे, वही लिहिणे, वेगळा स्वयंपाक करणे हे सारे एकट्या पत्नीवर किंवा सुनेवर येऊन पडते. पेढीचे काम भावंडे वाटून घेतात, तसे हेही वाटून घ्यावे. मुलाने दुकानात जाण्यापूर्वी सकाळचे वजन आणि रक्तदाब लिहावा, नातवंडाने संध्याकाळचा आकडा लिहावा, महिन्याच्या तपासणीला वही घेऊन एकाने सोबत जावे. घरातील पापड-लोणच्याची बरणी सर्वांच्याच ताटातून काही अंशी दूर गेली, तर रुग्णाला एकटे पडल्यासारखे वाटत नाही आणि तरुण पिढीचा रक्तदाबही सावरतो. मूत्रपिंडे निकामी होण्यामागे मधुमेह आणि दुर्लक्षित रक्तदाब हीच दोन प्रमुख कारणे असतात. म्हणून रुग्णासाठी आणलेल्या यंत्रावर घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपला दाब मोजावा.

डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात. उरलेले एकोणतीस दिवस रुग्णाचे हृदय घरच्या वहीच्या आणि घरच्या स्वयंपाकाच्या हवाली असते. ती वही रोज, खरी आणि पुरती लिहिली जावी.